इंग्रजीची अनियमित भूतकाळी रूपं जिभेवर कशी बसवावीत

लातूर असो की परभणी, इंग्रजी शिकायला बसलेल्या लेकराच्या हातात आधी व्ही वन, व्ही टू, व्ही थ्रीचा, म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप, भूतकाळी रूप आणि तिसरं रूप यांचा, तक्ता पडतो आणि ‘रोज दहा पाठ कर’ असं सांगितलं जातं. हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. त्या तक्त्यात सुरुवातीलाच अराइज, अवेक, बेअर येतात. घरीदारी बोलताना त्यातलं किती लागतं?

रोज लागणारी क्रियापदं आधी निवडा: गो, कम, से, सी, टेक, गिव्ह, ईट, बाय, सेल. इंग्रजीतली सर्वाधिक वापरातली क्रियापदं बहुतेक अनियमितच आहेत, म्हणजे भूतकाळात त्यांना नुसतं ‘ईडी’ लागत नाही. सतत तोंडात असलेलं जुनं रूप सहसा मोडत नाही. ‘क्लाइम’चं जुनं ‘क्लोम’ मागे पडून ‘क्लाइम्ड’ आलं, ‘वेंट’ मात्र टिकलं. आपल्याकडेही जा–गेला, कर–केलं, मर–मेला ही वाकडी रूपं रोजच्याच शब्दांची आहेत.

मग आवाजावरून गट पाडा आणि मोठ्याने म्हणा. बाय–बॉट, थिंक–थॉट, कॅच–कॉट. स्लीप–स्लेप्ट, कीप–केप्ट. सिंग–सँग, ड्रिंक–ड्रँक. यात ‘ब्रिंग’ घुसवू नका, त्याचं ‘ब्रॉट’ होतं. कट, पुट, हिट, शट बदलतच नाहीत. ‘रीड’चं स्पेलिंग तेच राहतं, उच्चार ‘रेड’ होतो. व्ही थ्री नंतर बघू.

खरी अडचण पुढेच आहे. सगळा तक्ता तोंडपाठ असलेली माणसंही ‘आय डिड नॉट वेंट’ म्हणतात. मीही इथेच फार दिवस अडकलो होतो. ‘डिडनंतर व्ही वन’ हा नियम सगळे सांगतात, पण जीभ का घसरते ते कोणी सांगत नाही. कारण आपल्या मराठीत आहे. ‘गेलो’, ‘गेलो नाही’, ‘गेलास का?’ या तिन्ही ठिकाणी भूतकाळ मूळ क्रियापदातच राहतो. इंग्रजीत नकार किंवा प्रश्न आला की तो भार ‘डिड’ उचलतो आणि क्रियापद मोकळं होतं.

म्हणून सुटं ‘सेल–सोल्ड’ घोकू नका. तीन वाक्यं एका दमात म्हणा: वी सोल्ड सोयाबीन. वी डिड नॉट सेल तूर. डिड यू सेल तूर? वाक्यं स्वतःच्या घरची घ्या. मोंढा, एसटी, तुळजापूरची वारी, शेतातला हुरडा, जे काल खरंच घडलं ते. पुस्तकातल्या जॉन आणि मेरीची वाक्यं तोंडात राहत नाहीत.

त्यानंतर समोर कोणीतरी बसवा. त्याने विचारायचं, ‘डिड यू ईट हुरडा?’ तुम्ही लगेच म्हणायचं, ‘येस, आय एट हुरडा.’ विचारणाऱ्याचं ‘ईट’ कानात ताजं असतं, त्यामुळे होकारातही तेच तोंडात येतं. इथे घाई करू नका. ‘एट’ न अडखळता येईपर्यंत पुढचं क्रियापद घेऊच नका. मग नकार: ‘नो, आय डिड नॉट ईट.’ होकार-नकार उलटसुलट विचारायला लावा, क्रम ठरलेला असला की डोकं वापरलंच जात नाही.

हे पक्कं झाल्यावरच दोन अपवाद घ्या. ‘वॉज’ आणि ‘वेअर’ला डिड लागत नाही: आय वॉज नॉट ॲट होम. आणि ‘कोण गेलं?’ असं कर्त्याबद्दलच विचारायचं असेल तर सरळ ‘हू वेंट?’ म्हणा, तिथेही डिड नको.