क्रूझला पहिल्यांदा जाताय? मग आमचे घोळ आधी वाचा

आतापर्यंत चार क्रूझ झाल्या आमच्या आणि चारही वेळा आम्ही काही ना काही गोंधळ घातलाच. पण त्यातून एक कळलं, एकदा जहाज सुटलं की फारसं काही बिघडत नाही, खा प्या झोपा समुद्र बघा. सगळे घोळ होतात ते चढायच्या दिवशी, मधे बंदरावर उतरलात की, आणि शेवटच्या रात्री. तेवढ्या तीन वेळा डोकं लावा, बाकी आठवडाभर नाही लावलं तरी चालतं.

सुरुवात विमानापासूनच होते. ज्या दिवशी जहाज सुटणार त्याच दिवशी सकाळचं विमान पकडून थेट बंदर गाठायचं असला प्लॅन करू नका प्लीज. विमान तीन तास लेट झालं तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही, एक दिवस आधी जा, एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च होतो पण जिवाला घोर नाही. आणि बंदर नेमकं कुठे आहे ते नकाशात बघून घ्या, कारण जाहिरातीत 'रोम' असतं पण जहाज लागतं चिविताव्हेक्कियाला, तिथून रोम ७०-८० किलोमीटर. 'पॅरिस' म्हणतात ते ल हाव्र बंदर, जायलाच अडीच तास धरा. म्हणजे 'एक दिवस पॅरिसमध्ये' यातले पाच तास बसमध्ये गेले.

व्हिसाचं पण तसंच. जहाज मधे एका दिवसासाठी शेंगेनच्या (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या) बाहेर गेलं आणि परत आत आलं की सिंगल एंट्री व्हिसा संपला, मल्टिपल एंट्रीच लागतो. हे बऱ्याच लोकांना चेक-इन काउंटरवर कळतं, आणि तिथे रडून उपयोग नसतो. 'आम्ही त्या बंदराला उतरणारच नाही' म्हणून व्हिसा नको असं पण स्वतःच ठरवू नका, बुकिंग करतानाच एकेका बंदराचं विचारून घ्या.

आता बॅगा. मोठ्या बॅगा बंदरावरच पोर्टर घेऊन टाकतात, त्या स्कॅन होऊन केबिनच्या दाराशी येतात, कधी दुपारी कधी रात्रीच्या जेवणानंतर. म्हणून औषधं, पासपोर्ट, चार्जर, चष्मा, एक कपड्यांचा जोड आणि स्विमसूट हे सगळं हातातल्या बॅगेत पाहिजे. आम्ही पहिल्या वेळी काय केलं, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकल्या, आणि त्याच बॅगेत मी छोटी प्रवासी इस्त्री पण टाकलेली. सगळ्यांच्या बॅगा आल्या आमची ती एक येईना, रात्री नऊला चौकशी केली तर कळलं की ती सिक्युरिटीने अडकवून ठेवलीय, या आणि उघडून दाखवा. खाली जाऊन बघते तर आमच्यासारखे दहा-बारा जण मान खाली घालून लाइनीत उभे, कुणाकडे किटली कुणाकडे मेणबत्त्या. सासूबाई त्यानंतर दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या.

इस्त्री, किटली, सर्ज प्रोटेक्टरवाली (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारी) एक्स्टेन्शन कॉर्ड हे बहुतेक जहाजांवर चालत नाही आणि त्यात जहाजवाल्यांचा आडमुठेपणा काही नाही. समुद्रात अग्निशमन दलाला फोन करता येत नाही ना. शिवाय जहाजावरचं वायरिंग घरच्यासारखं नसतं, तिथे सर्ज प्रोटेक्टर उलटा आगीचं कारण होऊ शकतो. २००६ मध्ये स्टार प्रिन्सेस नावाच्या जहाजावर एका बाल्कनीतून आग पसरली आणि शंभराहून जास्त केबिनचं नुकसान झालं, न विझलेल्या सिगारेटचा संशय होता. तेव्हा बाल्कनीतून सिगारेट फेकू नका आणि ओले टॉवेल तिथे सोडून जाऊ नका, वाऱ्याने उडतात.

चढल्या चढल्या सगळे बुफेकडे पळतात, तुम्ही आधी सेफ्टी ड्रिल उरकून टाका. बऱ्याच जहाजांवर आता फोनवर किंवा टीव्हीवर व्हिडिओ बघायचा आणि आपल्या मस्टर स्टेशनला (धोक्याच्या वेळी जमायची ठरलेली जागा) जाऊन कार्ड स्कॅन करून यायचं एवढंच असतं, दहा मिनिटांचं काम. सात आखूड भोंगे आणि एक लांब वाजला की तिकडे जायचं, हे घरातल्या पोरांना पण सांगून ठेवा. कंटाळा येतो मान्य, पण १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉनकॉर्डिया नावाचं क्रूझ जहाज खडकाला धडकलं तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या कित्येक लोकांचं ड्रिल झालंच नव्हतं, कारण तेव्हा २४ तासांच्या आत घेतलं तरी चालायचं. ३२ माणसं गेली त्यात. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्यावर लगेच घ्यावंच लागतं.

केबिन निवडताना लोक फक्त खिडकी आहे का बघतात. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, काढा आणि तुमच्या डोक्यावर काय आहे, पायाखाली काय आहे ते बघा. पूल डेकच्या बरोबर खाली घेतलीत तर पहाटे पाचला खुर्च्या सरकवायचा आवाज, नाइटक्लबच्या वर घेतलीत तर रात्री दोनपर्यंत धडधड. एकदम पुढच्या टोकाला घेतली तर सकाळी नांगर टाकताना साखळीचा असा खडखडाट होतो की वाटतं जहाज फुटलं. बोट लागण्याचा त्रास असेल तर मधोमध आणि खालचा डेक, बागेतला सी-सॉ आठवा, टोकं वरखाली होतात मधला जागचा हलत नाही. खिडकी नसलेली आतली केबिन स्वस्त असते आणि झोप मस्त लागते, मस्त म्हणजे इतकी की दिवस उगवलाय हे कळतच नाही. त्यावर एक युक्ती, टीव्हीवर बहुतेक जहाजांत पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल असतं, ते आवाज बंद करून रात्रभर लावून ठेवा, उजाडलं की खोलीत उजेड येतो. फुकटची खिडकी.

केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी असतात, त्यामुळे चार-पाच चुंबकाचे हुक नेले तर टोप्या, कार्ड, ओला स्विमसूट सगळं टांगता येतं. एखादं चुंबक दाराबाहेर पण लावा. का ते सांगते. प्रत्येक डेकचा पॅसेज सारखाच दिसतो, नंबर पण सारखेच फक्त पहिला आकडा वेगळा. माझा नवरा दोन मिनिटं दाराशी कार्ड घासत 'अगं हे चालतच नाहीये' म्हणून वैतागत होता, आणि आतून टॉवेल गुंडाळलेल्या एका आजोबांनी दार उघडलं. आम्ही एक डेक वर होतो. (आजोबा फार सज्जन, म्हणाले आज तुम्ही तिसरे.) काही जहाजांवर कार्पेटवर मासे काढलेले असतात आणि त्यांची तोंडं जहाजाच्या पुढच्या बाजूला असतात, ते एकदा बघून ठेवलं की दिशा चुकत नाही.

बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं मुख्य दार उघडू नका, असा वारा घुसतो की टेबलावरचे कागद थेट समुद्रात आणि दार आपटून बोट सापडलं तर थेट डॉक्टरकडे. टॉयलेट विमानासारखं व्हॅक्यूमचं असतं, झाकण लावूनच फ्लश करा आणि त्यात कागदाशिवाय काहीही टाकू नका, ओले वाइप्स तर अजिबात नाही, तुंबलं तर शेजारच्यांचं पण बंद पडतं आणि सगळ्यांना कळतं कुणामुळे ते.

फोन चढल्या चढल्या एअरप्लेन मोडवर. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की फोन जहाजाचं सॅटेलाइटवालं नेटवर्क पकडतो आणि त्याचं रोमिंग बऱ्याचदा नेहमीच्या पॅकमध्ये बसत नाही. फोन खिशात असतो, तुम्ही डेकवर गाणी ऐकत असता, आणि तो बिचारा मागच्या मागे फोटो अपलोड करत असतो. बिल घरी गेल्यावर येतं.

आता सगळ्यात मोठा घोळ, घड्याळ. जहाजाची स्वतःची वेळ असते आणि ती बंदराच्या वेळेशी जुळेलच असं नाही. फोन मात्र किनाऱ्यावरचा टॉवर मिळाला की हळूच स्थानिक वेळ दाखवायला लागतो. आमचं असंच झालं, परत यायची शेवटची वेळ साडेचार, माझ्या फोनमध्ये वाजलेले साडेतीन, आम्ही निवांत कॉफी मागवली. शेजारच्या टेबलावर जहाजावरचंच एक जोडपं होतं ते ताडकन उठून पळायला लागलं तेव्हा मी विचारलं काय झालं, तर म्हणे साडेचार वाजले. पुढचा अर्धा किलोमीटर आम्ही कसे धावलो ते आम्हालाच माहीत, वरच्या डेकवर लोक रेलिंगला टेकून टाळ्या वाजवतायत, मोबाइलवर व्हिडिओ काढतायत, हा तिथला नेहमीचा खेळच आहे. तेव्हापासून मी साधं काट्यांचं मनगटी घड्याळ नेते, जहाजाच्या वेळेला लावते आणि उतरताना दाराशी लिहिलेली वेळ त्याच्याशी ताडून बघते. सुटायच्या वेळेच्या साधारण अर्धा तास आधी परत यायचं असतं, तुम्ही स्वतःसाठी आणखी एक तास आधीची वेळ ठरवा.

जहाजाच्या कंपनीकडून टूर घेतली आणि बस उशिरा आली तर जहाज थांबतं. स्वतः टॅक्सी करून गेलात तर नाही थांबत, मग पुढच्या बंदराला स्वतःच्या खर्चाने जायचं. म्हणून लांब जायचं असेल तर महाग पडली तरी कंपनीची टूर घ्या, बंदराच्या आसपासच फिरायचं असेल तर उगाच पैसे घालवू नका, हे माझं मत. रोज केबिनमध्ये जो कार्यक्रमाचा कागद येतो त्यावर त्या बंदराच्या एजंटचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून मगच उतरा, जहाज चुकलंच तर पहिला फोन त्यालाच. सोबत पासपोर्टची झेरॉक्स, एक बँक कार्ड आणि एक दिवसाची औषधं.

काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागतच नाही, समुद्रात नांगर टाकतं आणि छोट्या टेंडर बोटीतून किनाऱ्यावर नेतात. ग्रीसच्या सँटोरिनी बेटाला असंच आहे. टोकन घ्यावं लागतं, रांग असते, आणि लाटा जास्त असल्या तर ते बंदरच रद्द होतं, परत मिळाला तर फक्त बंदराचा कर. सँटोरिनीला अजून एक गंमत, गाव कड्यावर आणि बोट खाली, संध्याकाळी केबल कारला एवढी रांग लागते की शेवटी लोक पाचशेहून जास्त पायऱ्या उतरतात आणि त्याच पायऱ्यांवरून गाढवं पण चालतात. चप्पल घालून जाऊ नका एवढंच सांगते. आणि बुफेतलं सफरचंद पिशवीत टाकून कुठेही उतरू नका, ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडकडे तर त्यासाठी कुत्रे उभे असतात आणि दंड खरोखर होतो.

तब्येतीचं थोडक्यात. जहाजावर जे पोट बिघडतं त्यात नोरोव्हायरस असेल तर नुसतं सॅनिटायझर पुरत नाही, साबणाने नीट हात धुवा, बुफेचा चमचा हातात घेण्याआधी पण आणि नंतर पण. बोट लागायची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर पोटात राहतच नाही. पुस्तक ठेवा, बाहेर या, क्षितिजाकडे बघा. उलट काहींना घरी आल्यावर दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, घाबरू नका. जहाजावर डॉक्टर असतात पण फुकट नसतात, आणि गंभीर काही झालं तर हेलिकॉप्टरने न्यावं लागतं, म्हणून इन्शुरन्स घेताना त्यात हे इमर्जन्सी हलवणं येतं का ते वाचा.

पैसे सगळे केबिनच्या कार्डावर जातात त्यामुळे खर्च होतोय असं वाटतच नाही. टिप बहुतेक कंपन्या माणशी रोजच्या हिशोबाने आपोआप लावतात, कोल्ड्रिंक, फोटो, स्पा सगळं वेगळं. दर दोन दिवसांनी ॲपवर किंवा टीव्हीवर बिल बघत जा, शेवटच्या सकाळी चूक दाखवायला गेलात तर काउंटरसमोर अख्खं जहाज उभं असतं.

शेवटच्या रात्री बॅगा टॅग लावून केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्या रात्रीतच उचलून नेतात आणि सकाळी थेट बंदराच्या हॉलमध्ये मिळतात. तेव्हा बॅग बाहेर सरकवण्याआधी सकाळचे कपडे आणि बूट खुर्चीवर काढून ठेवा आणि मोजा, अक्षरशः मोजा, शर्ट पँट मोजे बूट. माझ्या नवऱ्याने एवढं मन लावून पॅकिंग केलं की सकाळी त्याच्याकडे नाइट पँट आणि केबिनमधल्या पातळ पांढऱ्या स्लिपर्स एवढंच उरलं. तसाच उतरला, इमिग्रेशनच्या रांगेत तसाच उभा राहिला, आणि हॉलमध्ये गेलो तर आमची काळी बॅग दोनेकशे काळ्या बॅगांमध्ये. चाळीस मिनिटं शोधत होतो. आता प्रत्येक बॅगेला भडक केशरी रिबन असते, आणि बॅगा बाहेर ठेवायच्या आधी सासूबाई स्वतः येऊन त्याचे बूट बघून जातात.