धुऱ्यावरची रायमुनिया काढायची तर बुडातून

रायमुनिया म्हणजे घाणेरी, टणटणी. मूळची अमेरिकेतली, 19व्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली आणि तिथून सुटली. आता मेळघाट असो की ताडोबाकडचा भाग, जंगलाला लागून असलेला धुरा, म्हणजे शेताचा बांध, तिच्यावाचून दिसत नाही.

कुऱ्हाडीनं वरून छाटली की बुडातून फुटवे येतात, पेटवली तरी येतात. दरवर्षी छाटणारा तिला दरवर्षी दाट करतो. हे फुटवे येतात ते खोड आणि मूळ जिथं जुळतं त्या गाठीतून. म्हणून घाव जमिनीखाली 3 ते 5 सेंटिमीटरवर, सोटमुळावर घालायचा. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी रुजवलेली पद्धत हीच. अख्खं मूळ उकरत बसू नका. माती फुकट सैल होते आणि तिचंच बी तिथं रुजतं.

पाऊस लागल्यावर, फळं काळी पडायच्या आत काम उरका. काळ्या जमिनीत वापसा येऊ द्या, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल राहू द्या; मुरमाड जागी पाऊस उघडला की चालतं. आधी लांब काठीनं झुडूप हलवून पाहा, आत घोणस किंवा रानडुक्कर असू शकतं. बाहेरच्या काटेरी फांद्या विळ्यानं सोडवा, कुदळीनं बुडाभोवतीची माती बाजूला करा आणि मूळ तोडा. दोघं असाल तर एकानं झुडूप वाकवून धरावं. उपटलेलं झुडूप उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवा. ओल्या मातीला टेकलेली फांदी पुन्हा मूळ धरते. बहुतेकांचं काम इथंच वाया जातं. फळं धरली असतील तर झुडूप ओढत नेऊ नका, वाटभर बी सांडतं.

पानं गुरांना विषारी. एरवी गुरं तोंड लावत नाहीत, पण चारा नसला की खातात. मग कावीळ होते, उन्हानं कातडी सोलवटते. तोडलेला ढीग गोठ्याजवळ नको.

मोकळी जागा तशीच ठेवली तर सगळी मेहनत पाण्यात. त्याच पावसाळ्यात मारवेल किंवा पवन्या गवताचं बी फेका, ठोंब मिळाले तर उत्तम. बुलबुल, साळुंक्या फळं खाऊन झाडावर बसतात, म्हणून बाभूळ-कडुलिंबाखाली आणि नाल्याकाठी रोपं पहिली दिसतात. पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यात ती हातानं उपटा.

जंगलाच्या किंवा ई-क्लास (सरकारी चराईच्या) जमिनीवर हात घालण्याआधी परवानगी घ्या.