मॉडेलवरून डेटाबेस: केस टूल वापरताना

केस टूल म्हणजे सिस्टिमच्या आकृत्या काढायचं आणि त्यांवरून डेटाबेसची टेबलं बनवायचं सॉफ्टवेअर. ते निवडताना आधी एक साधी चाचणी घ्या. डीएफडीमधल्या (डेटा कुठून कुठे जातो ते दाखवणाऱ्या आकृतीतल्या) एखाद्या डेटा स्टोअरचं, म्हणजे डेटा साठवायच्या जागेचं, नाव बदला. डेटा डिक्शनरीत (सगळ्या डेटाची नावं आणि अर्थ यांच्या यादीत) आणि बाकीच्या आकृत्यांतही ते आपोआप बदललं, तर मागे रिपॉझिटरी, म्हणजे सगळ्या आकृत्यांचा सामायिक माहितीसाठा, आहे. नाही बदललं, तर ते नुसतं चित्रं काढायचं साधन. त्यातून टेबलं निघायची नाहीत.

कॉन्टेक्स्ट डायग्राममध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या डीएफडीत, अख्खी सिस्टिम म्हणजे एकच प्रोसेस. पुढच्या लेव्हलला ती फोडा. एका आकृतीत ७ ते ९ प्रोसेस पुरे. डेटा फ्लो काढला की लगेच डिक्शनरीत नोंदवा, 'नंतर भरू' म्हटलं की राहतंच. आणि 'सदस्य' म्हणायचं की 'सभासद', हे पहिल्याच दिवशी ठरवा. टूलच्या लेखी ते दोघे वेगळे, म्हणून शेवटी टेबलंही दोन होतात.

मग तपासणी चालवा. डेटा आत जातो पण बाहेर काहीच येत नाही, अशी प्रोसेस टूल पकडतं. त्याच्या उलटही पकडतं. वरच्या लेव्हलचा फ्लो खाली हरवला तर तेही दाखवतं. कामकाजाचा नियमच चुकीचा समजून घेतला असेल, तर मात्र अहवाल स्वच्छ येतो.

खरी गोची ईआर आकृतीत होते, म्हणजे कोणत्या गोष्टींची (एन्टिटींची) माहिती ठेवायची आणि त्यांचे संबंध काय, ते दाखवणाऱ्या आकृतीत. ग्रंथालय घ्या. सभासद आणि पुस्तक यांच्यात अनेक-ते-अनेक संबंध जोडला, की टूल मधलं टेबल स्वतः बनवतं आणि सभासद क्रमांक व पुस्तक क्रमांक मिळून त्याची प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) ठरवतं. दिसायला बरोबर. पण त्याच सभासदाने तेच पुस्तक दुसऱ्यांदा नेलं, की डुप्लिकेट कीची एरर! उपाय मॉडेलमध्येच करा: 'देवघेव' ही स्वतंत्र एन्टिटी, तिला स्वतःचा क्रमांक, दिल्याची आणि परतीची तारीख. एका पुस्तकाच्या अनेक प्रती असतील तर 'प्रत' वेगळी करून देवघेव तिला जोडा.

टूल मॉडेलवरून टेबलं बनवायच्या आज्ञांची एसक्यूएल स्क्रिप्ट काढून देतं; ती हाताने दुरुस्त करण्याचा मोह टाळा. पुढच्या वेळी स्क्रिप्ट नव्याने निघाली की ती दुरुस्ती पुसली जाते. चालू डेटाबेसवर तर पूर्ण स्क्रिप्ट चालवूच नका, कारण अनेकदा तिच्या सुरुवातीलाच ड्रॉप टेबल, म्हणजे टेबल डेटासकट काढून टाकायची आज्ञा, असतं. टूलमधून मॉडेल आणि डेटाबेस यांची तुलना करून फक्त फरकाची ऑल्टर स्क्रिप्ट (आहे त्या टेबलांत बदल करणारी) काढा. तीही डोळ्यांखालून घाला: कॉलमचं नाव बदलल्यावर काही टूलं जुना कॉलम काढून नवा रिकामा घालतात.