मधुमेह असेल तर कमी कर्बोदकांचा ब्रेड कसा निवडावा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरात कुणाला शुगर निघाली की पहिला बदल ठरलेला असतो: पांढरा ब्रेड बंद, ब्राऊन सुरू. हेतू चांगला, पण रक्तातली साखर ब्रेडच्या रंगावर ठरत नाही. ती ठरते पोटात किती ग्रॅम कर्बोदके गेली यावर. हा आकडा काढायला तीन गोष्टी लागतात: पाकिटाची मागची बाजू, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि ग्लुकोमीटर.

ब्रेड बदलण्याआधी गोळ्यांची चिठ्ठी बघा

इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कर्बोदके एकदम कमी करू नका. डोस तोच राहिला आणि खाणे घटले की साखर 70 च्या खाली जाऊ शकते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, डोके हलके होते. तसे झालेच तर तीन चमचे, म्हणजे साधारण 15 ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनीही आधी विचारावे. या गोळ्यांसोबत कर्बोदके फारच तोडली तर रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) वाढण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना सोया, बदाम किंवा ग्लूटेन (गव्हातले प्रथिन) घालून केलेला जास्त प्रथिनांचा ब्रेड चालेलच असे नाही.

एका स्लाइसचा आकडा काढा

पाकिटावर पोषणाचा तक्ता 100 ग्रॅमला दिलेला असतो. आपण 100 ग्रॅम खात नाही, स्लाइस खातो. म्हणून वजन भागिले स्लाइस: 400 ग्रॅमच्या पाकिटात 16 स्लाइस असतील तर एक 25 ग्रॅमची. तक्त्यात कर्बोदके 48 लिहिली असतील तर एका स्लाइसमध्ये 12 ग्रॅम, सकाळी तीन खाल्ल्या तर 36. कडेच्या स्लाइस जाड-बारीक असतात, तेव्हा घरी आणल्यावर एकदा काट्यावर ठेवून खात्री करा. ‘एक सर्व्हिंग’ या रकान्यावर विसंबू नका. कंपनीची सर्व्हिंग एका स्लाइसची असू शकते आणि आपल्या ताटात तीन असतात.

साध्या पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइसमध्ये 12 ते 15 ग्रॅम कर्बोदके असतात. शंभर टक्के आट्याच्या ब्रेडमध्ये तंतू (फायबर) जास्त, पण कर्बोदकांत फार मोठा फरक नसतो. खरोखर कमी म्हणायचे तर स्लाइसला 5-6 ग्रॅमच्या आत आकडा हवा आणि 100 ग्रॅममागे तंतू निदान 6 ग्रॅम. यापेक्षा जास्त आकडा असलेला ब्रेड वाईट ठरत नाही, फक्त त्याला ‘लो कार्ब’ समजून दोन स्लाइस जास्त खाऊ नयेत.

तंतू वजा करावेत का? काही तक्त्यांत ते कर्बोदकांच्या आकड्यातच धरलेले असतात, काहींत आधीच वगळलेले. वगळलेले असताना पुन्हा वजा केले तर हिशेब खोटा पडतो. विशेषतः इन्सुलिनचा डोस त्यावर ठरत असेल तर छापलेला आकडा पूर्ण धरावा.

घटकांची यादी वरून खाली वाचा

यादीत जे पहिले, ते वजनाने सर्वात जास्त. पहिला शब्द मैदा असेल आणि वर बिया पेरल्या असतील, तर तो मैद्याचाच ब्रेड. ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ म्हणजेही मैदाच, नाव तेवढे बदलते. ‘कॅरॅमल कलर’ किंवा 150 हा क्रमांक दिसला की तपकिरी रंग बाहेरून आलेला समजा. कमी कर्बोदकांच्या ब्रेडमध्ये सुरुवातीला बदामाचे पीठ, जवस, सोया पीठ, गव्हाचे ग्लूटेन, इसबगोल, अंडे अशी नावे यायला हवीत. टॅपिओका स्टार्च, तांदळाचे पीठ किंवा बटाट्याचा स्टार्च वर असेल तर ते पाकीट परत ठेवा. बरेच ग्लूटेन-फ्री ब्रेड इथेच फसवतात: ग्लूटेन नाही, स्टार्च भरपूर. ‘शुगर फ्री’ही तसेच. त्याचा अर्थ साखर जवळजवळ नाही एवढाच. पिठातला स्टार्च पचून शेवटी ग्लुकोजच होतो. माल्टिटॉल (साखरेऐवजी घातला जाणारा गोड पदार्थ) असेल तर तो थोडीफार साखर वाढवतो आणि जास्त झाला तर पोट फुगवतो.

गल्लीतल्या बेकरीच्या ब्रेडवर पोषणाचा तक्ता नसेल तर थेट विचारावे. काउंटरवरचा माणूस कन्नड बोलणारा असेल तर ‘मैदा एष्टु, गोधी हिट्टु एष्टु?’ एवढे पुरते: मैदा किती, गव्हाचे पीठ किती. सक्करे म्हणजे साखर, बेल्ल म्हणजे गूळ, हेही कानावर असू द्या. नक्की उत्तर मिळाले नाही तर तो साधा पाव धरून हिशेब करावा. टोस्ट आणि बेकरीतल्या कडक बटरचे तर वेगळेच. त्यातले पाणी उडालेले असते, म्हणून 100 ग्रॅमला कर्बोदके ब्रेडपेक्षा बरीच जास्त, सत्तरच्या आसपास. आजारी माणसाला ‘हलके’ म्हणून चहा-टोस्ट देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. चहातली दोन चमचे साखर, म्हणजे 10 ग्रॅम, वेगळीच.

शाळूच्या भाकरीचाही हिशेब करायलाच हवा. 60-70 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत कर्बोदके 40 ग्रॅमच्या पुढे जातात. भाकरीत तंतू आहेत, पोट भरते, ती जरूर खा. पण ‘भाकरीला मोजमाप नाही’ हा समज महागात पडतो.

आपल्या शरीराला विचारा

लेबल काहीही सांगो, शेवटचा निकाल ग्लुकोमीटरचा. एके दिवशी नवीन ब्रेडच्या दोन स्लाइस खा, सोबत उकडलेले अंडे किंवा मटकीची उसळ. खाण्याआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर तपासा. दुसऱ्या दिवशी तीच उसळ, तीच गोळी, तेवढेच चालणे, फक्त ब्रेड नेहमीचा. दोन्ही दिवसांची वाढ शेजारी शेजारी लिहा. अनेकांना दोन तासांनी 180 च्या आत राहायला सांगितले जाते, पण तुमचे लक्ष्य डॉक्टर ठरवतील. ग्लूटेन किंवा बदाम जास्त असलेला ब्रेड हळू पचतो, म्हणून एकदा चार तासांनीही बघा. सोबत जॅम घेऊन केलेल्या तपासणीतून ब्रेडबद्दल काहीच कळत नाही. शेंगदाण्याची किंवा जवसाची बिनगुळाची चटणी घ्या.

विकत घेताना आणि ठेवताना

असे ब्रेड बेळगावात बहुधा ऑनलाइन मागवावे लागतात, तेव्हा तयार केल्याची तारीख आणि पोचायला लागणारे दिवस मोजा. बदाम-जवसाच्या ब्रेडमध्ये ओलावा आणि तेल दोन्ही जास्त. खानापूरच्या पावसात बाहेर ठेवला तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो, आणि जवस जुना झाला की खवट वास येतो. आल्या दिवशीच स्लाइसमध्ये बटर पेपर घालून डबा फ्रीझरमध्ये ठेवा. लागेल तेवढ्याच काढून थेट तव्यावर मंद आचेवर भाजा. हा ब्रेड साध्यापेक्षा लवकर करपतो, म्हणून दर मिनिटाला उलटा.