कळलावी लावताय? मग दिवाळीनंतर तिला पाणी घालायचं बंद करा

साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या घाटातनं कास पठाराकडं जाताना श्रावण-भाद्रपदात झुडपांच्या जाळीतनं लाल-पिवळी, पाकळ्या उलट्या वळलेली फुलं डोकावतात ना, ती कळलावी. अग्निशिखा म्हणा, वाघनखी म्हणा, वेल तीच. "लई नाजूक असते, घरी जगत नाही" असं सर्रास ऐकू येतं आणि मला त्याचा आता वैताग येतो. माळावर मुरमात, दगडाच्या फटीत, कुणी न विचारता दरवर्षी उगवणारी वेल नाजूक कशी असेल? आपणच लाड करून मारतो तिला.

सुरुवातीलाच सांगते, ही वेल मुळापासून बियांपर्यंत विषारी आहे आणि कंद सगळ्यात जास्त. त्यात कोल्चिसिन असतं, गाऊटच्या (सांधे सुजून दुखण्याच्या आजाराच्या) गोळीत जे असतं तेच, पण गोळीत ते अगदी मोजून घातलेलं असतं. त्यामुळं यूट्यूबवरचे काढे-लेप बघून प्रयोग करू नका. कंद हाताळताना हातमोजे घाला आणि रताळी, आलं, सुरण ठेवता त्या टोपलीच्या आसपासही कंद ठेवायचे नाहीत, दिसायला फसवे असतात. घरात रांगतं मूल असेल, शेळी किंवा कुत्रं मोकळं फिरत असेल तर दुसरं काहीतरी लावा. कुणाच्या पोटात गेलंच तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

कंद नर्सरीतनं घ्या किंवा ज्याच्याकडं वेल आहे त्याच्याकडनं मागा. कासवरनं उपटून आणायचा नाही. कास 2012 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथं फूल तोडायलासुद्धा बंदी आहे. आणि तसंही रानातला कंद खोल गेलेला असतो, घाईत उकरला की तुटतोच.

कंद इंग्रजी व्ही किंवा एलसारखा दोन फांद्यांचा असतो आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एकच डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा. तो डोळा मोडला की त्या फांदीतनं त्या वर्षी सहसा काही येत नाही, म्हणून विकत घेताना आधी टोकं बघा, जाडी नंतर.

लावायचं मेच्या शेवटी, वळीव पडून गेल्यावर, किंवा मृगाच्या आसपास. बारा इंची कुंडी, तळाला भोकं मोकळी. तांबडी माती, जाड वाळू आणि जुनं शेणखत सारख्या प्रमाणात. कंद आडवा ठेवायचा, वर दोन-तीन इंच माती, झालं. सांगली-मिरजेकडच्या लोकांनी मात्र नुसत्या काळ्या मातीत लावायचा हट्ट सोडावा, ती माती पाणी धरून बसते आणि कंद आतल्या आत सडतो.

आधार बारीक द्या. या वेलीला वेगळे तणावे नसतात, पानाचंच टोक लांब होऊन गोल वळतं आणि जे सापडेल ते धरतं, पण ते टोक दोऱ्याएवढं असतं, जाड बांबूला त्याचा वेढा बसत नाही. तुरीच्या वाळक्या काटक्या नाहीतर कोंबड्यांची जाळी लावा, बाकी तिचं ती बघते. पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे-लाल ठिपके असलेली अळी येते, ती पानं फस्त करते, सकाळी काडीनं उचलून साबणाच्या पाण्यात टाका.

आता मुख्य मुद्दा. माझाही सगळ्यात जास्त जीव याच टप्प्यावर अडकला होता.

ऑक्टोबरात फुलं संपतात, पानं पिवळी पडायला लागतात आणि घरोघरी घबराट सुरू होते. कुणी खत घालतं, कुणी रोज तांब्याभर पाणी ओततं, कुणी वेल बुंध्याशी कापून टाकतं. यातलं एकही करायचं नाही. पिवळी पडताना वेल आजारी नसते, पानातलं सत्त्व खाली उतरून पुढच्या वर्षीचा नवा कंद भरत असतो, जुना कंद तर तोवर सुकून संपलेला असतो. हिरवी-पिवळी वेल कापली की नवा कंद बारका राहतो आणि बारक्या कंदाला पुढच्या वर्षी फूल येत नाही, नुसती पानं. म्हणून वेल आपोआप वाळून कडकडीत होऊ द्या, मग हलकेच ओढून काढा.

पाणी पानं पिवळी पडायला लागली की कमी करायचं आणि वेल वाळली की पूर्ण बंद. पूर्ण म्हणजे पूर्ण. "आठवड्यातनं एकदा थोडंसं" हा सल्ला ज्यानं दिला त्याच्याकडं पुढच्या जूनला वेल आहे का ते एकदा विचारा. झोपलेल्या कंदाला पाणी ओढून घेणारी मुळं उरलेली नसतात, घातलेलं पाणी मातीतच राहतं आणि थंडीत तिथं बुरशी धरते. कुंडी जिन्याखाली किंवा पत्र्याच्या आडोशाला सरकवा, कारण तुम्ही पाणी बंद केलंत तरी डिसेंबरातला अवकाळी तुम्हाला विचारून येत नाही. जमिनीत लावली असेल तर ठिबकच्या नळीपासनं आणि रोज पाणी लागणाऱ्या जास्वंदीपासनं लांब लावा आणि जागेवर एक वीट ठेवा, नाहीतर "इथं काहीच नाही" म्हणून माळी कुदळ मारतो.

कंद काढून ठेवायचीही काही गरज नाही. काढायचेच असतील तर कोरड्या वाळूत किंवा कागदात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, घाम धरतो.

आणि मेमध्ये कोंब दिसला नाही म्हणून माती उकरून बघू नका हो! हा उकरायचा मोह सगळ्यात महाग पडतो, बोट लागलं की तो पांढरा कोंब काचेसारखा मोडतो. एकाच कुंडीतले दोन कंदसुद्धा मागं-पुढं उगवतात. जून संपला, दोन-चार चांगले पाऊस झाले, तरी काही नाही, तेव्हाच कडेनं माती सरकवा. कंद दाबून घट्ट लागला तर परत झाका, मऊ लागला आणि वास आला तर माती बदलून नवा कंद लावा.

बियांपासनं करायची असेल तर शेंग तडकल्यावर केशरी बिया मिळतात, पण फुलाला तीन-चार वर्षं थांबावं लागतं. मी तरी कंदच लावते.