बदलापूर की मुलुंड: महाग वस्तीत घर हलवायचं का, हे आम्ही कसं ठरवलं

26 जुलै 2019, शुक्रवार. रात्री कल्याणच्या पुढे गाड्या बंद, म्हणून मी मावशीकडे राहिले आणि माझी दोन्ही मुलं बदलापुरात सासूबाईंजवळ. सकाळी टीव्हीवर बघते तर महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात उभी, आणि हजारावर माणसांना बोटींनी बाहेर काढताहेत. आमचं घर कात्रपला, पूर्वेला. तिथे पाणी आलं नाही. पण 'आता इथून हलू या' हा विषय त्या दिवशी घरात शिरला तो शिरलाच.

प्रत्यक्षात हललो 2024 मध्ये. मधली बरीचशी वर्षं फुकट गेली, कारण आम्ही रविवारी जेवताना एकच प्रश्न चघळत होतो: परवडेल का? याचं उत्तर महिन्याच्या पाच तारखेला 'हो' असतं आणि पंचवीस तारखेला 'नाही'. गाडी पुढे सरकली ती प्रश्न बदलल्यावर. जास्तीच्या पैशात आपण नेमकं काय घेतोय, आणि घरातल्या कुणासाठी? तुम्हीही अशाच पेचात असाल, तर आम्ही काय काय केलं ते सांगते. मुलुंड म्हणजे काही मोठी श्रीमंत वस्ती नव्हे, दादरवाले हसतील. पण आमच्या खिशाला तो डोंगरच होता.

पहिलं काम वहीचं. माझं ऑफिस फोर्टला, नवऱ्याचं विक्रोळीला. दोघांनी दोन आठवडे दारातून निघायची आणि ऑफिसात पोचायची वेळ लिहिली. अंदाजाने लिहू नका, कारण माणूस स्वतःच्या प्रवासाबद्दल खोटं बोलतो. नवरा सगळ्यांना 'सव्वा तास लागतो' म्हणायचा, वहीत पावणेदोन निघाले. माझे दोन तास दहा मिनिटं. मुलुंडहून मला एक तास वीस मिनिटं लागली असती आणि त्याला पस्तीस मिनिटं. म्हणजे जाऊन-येऊन माझी रोजची 100 मिनिटं वाचणार, त्याची 140. महिन्याचे 22 दिवस धरले तर दोघांचे मिळून 88 तास.

आता खर्चाची बाजू. मुलुंड पूर्वेला आम्हाला बरं वाटलेलं घर 42,000 भाड्याचं. आमचा बदलापूरचा फ्लॅट भाड्याने दिला तर 12,000 येणार. फरक 30,000. दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी, ती 22 महिन्यांच्या करारावर वाटली तर महिन्याला 1,900. कामवाली, दूध, भाजी, इस्त्री, मुलांचे क्लास यांचा वाढीव खर्च मी तिथल्या दुकानांत आणि बिल्डिंगमध्ये विचारून काढला, तो 4,300. एकूण 36,200. गृहकर्जाचा हप्ता यात धरला नाही, तो इथे राहिलो काय, तिथे गेलो काय, तेवढाच.

36,200 भागिले 88. तासाला साधारण 411 रुपये.

हा आकडा फ्रिजवर चिकटवला. मग बोलणं एकदम सोपं झालं. 'मुलुंड चांगलं आहे हो' या वाक्याशी वाद घालता येत नाही. '411 रुपये देऊन तू एक तास घेतोस, त्याचं करणार काय?' याला उत्तर द्यावंच लागतं. नवरा म्हणाला, धाकट्याचा अभ्यास घेईन. मी म्हटलं, मी झोपेन. दोन्ही उत्तरं खरी होती. तुमच्या घरात या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नसेल, तर मी आहे तिथेच राहायला सांगेन.

वहीत न मावणारं मात्र एक निघालं. मावसबहीण मुलुंडला राहते. दिवाळीनंतर ते सगळे गावी गेले तेव्हा तिच्या घरी आठ दिवस राहून आम्ही तिथूनच ऑफिसला गेलो. हे जमेल तसं कराच. नातेवाईक नसेल तर निदान चार-पाच दिवस सकाळी त्या स्टेशनवर जाऊन तिथून गाडी पकडून बघा. बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये मला खिडकीची नाही तरी बसायला जागा नक्की मिळायची. त्या प्रवासात मी झोपायचे, मटार सोलायचे, लेकीच्या वह्या तपासायचे. बायकांच्या डब्यातला आमचा ग्रुप तर चौदा वर्षांचा, दसऱ्याला डबा सजवायचा, संक्रांतीला डब्यातच हळदीकुंकू. मुलुंडला सगळ्या फास्ट थांबत नाहीत, आणि जी थांबते तिच्यात पाय ठेवायला मिळाला तरी नशीब. शेवटी मी स्लोने जायला लागले, तेही उभी. म्हणजे मी 100 मिनिटं वाचवत होते आणि बसायची जागा, मटार आणि मैत्रिणी देत होते. महिन्याचे माझे साधारण 37 तास मग मी वहीत निम्मेच धरले. नवऱ्याचे पूर्ण धरले, तो गाडीत फक्त मोबाइल बघायचा.

निम्मे धरल्यावर तासाचा भाव 411 वरून 520 च्या आसपास गेला. तरी आम्ही थांबलो नाही, पण निर्णय कुणाच्या जिवावर घेतोय ते कळलं. माझ्यापेक्षा नवऱ्याला आणि मुलांना यातून जास्त मिळणार होतं.

या आधीची चाचणी पैशांची होती. ती सगळ्यांनी करावी, कारण ती फुकट आहे. बदलापुरातच राहून तीन महिने, दर एक तारखेला, 36,200 रुपये वेगळ्या खात्यात टाकले आणि त्या खात्याचं कार्ड सासूबाईंच्या कपाटात ठेवलं. पहिल्या महिन्यात चोवीस तारखेलाच हात टेकले. दुसऱ्या महिन्यात गणपती आले आणि मी चार हजार परत काढले. तिसरा महिना सुरळीत गेला, पण बाहेरचं जेवण बंद करून आणि नवऱ्याच्या नव्या फोनवर पाणी सोडून. हेच आयुष्य पुढची दोन वर्षं जगायचं आहे, हे तेव्हा दिसलं. शिवाय साठलेल्या लाखभर रुपयांत डिपॉझिटचा मोठा भाग निघाला.

ठाणे आणि डोंबिवलीही बघितली. घोडबंदर रोडला त्याच पैशात मोठं घर मिळत होतं, पण स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि ट्रॅफिक धरल्यावर आमचे वाचलेले तास तिथेच खर्च होत होते. डोंबिवलीत सकाळी गाडीत चढणं मला या वयात जमणार नाही. विषय संपला.

आता सासूबाई. वय 72. आम्ही उत्साहाने अकरा घरं बघितली. त्यातलं एक आम्हा दोघांना फार आवडलं: दुसरा मजला, जुनी बिल्डिंग, समोर गुलमोहर, भाडं 36,000. आईंना फोटो दाखवले. त्यांनी ते नीट बघितले आणि म्हणाल्या, "छान आहे. लिफ्ट कुठे दिसत नाही यात." नव्हतीच. "मग माझ्या गुडघ्यांना विचारलंत का?"

42,000 चं घर लिफ्टचं आहे. मधले सहा हजार आईंच्या गुडघ्यांचे, असं वहीत स्पष्ट लिहिलं आहे.

पण गुडघे हा सोपा भाग. आईंचं बदलापूरचं गुरुवारचं भजनी मंडळ, तीस वर्षांचे ओळखीचे डॉक्टर, उधारीवर फुलं देणारी बाई, हे सगळं सुटणार होतं आणि बदल्यात त्यांना काहीच मिळत नव्हतं. मुलांना शाळा जवळ, आम्हाला ऑफिस जवळ, त्यांना काय? घर हलवताना घरात असं एक माणूस असतंच, ज्याच्या वाट्याला फक्त तोटा येतो, आणि बहुधा तेच माणूस म्हणतं, 'तुम्ही ठरवाल ते.' हे वाक्य होकार म्हणून घेऊ नका. आम्ही आईंना मुलुंडला आठ दिवस नेलं तेव्हा त्यांना एकटीने फिरायला सोडलं. त्यांनी दोन देवळं, एक बाग आणि महाराष्ट्र सेवा संघ शोधून काढला. पूल ओलांडून पश्चिमेला जावं लागतं म्हणून कुरकुरल्या, पण गेल्या. त्यानंतर म्हणाल्या, "गुरुवार माझा सोडणार नाही. बाकी चला." ती अट लिहून घेतली.

मुलांच्या बाबतीत एवढंच सांगते की हलायचं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत, आणि मूल नववी-दहावीत असेल तर अजिबात हलू नका. लेक तेव्हा सातवीत जाणार होती, म्हणून आम्ही 'आता नाही तर चार वर्षं नाही' असं म्हणू शकलो. शाळेत जागा आहे हे लेखी कळेपर्यंत घराचं टोकन देऊ नका. आमच्या आधीच्या शेजाऱ्यांच्या मुलाला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळाला होता. ती जागा आपल्याबरोबर नव्या शाळेत येत नाही आणि त्यातले प्रवेश सुरुवातीच्या वर्गातच होतात, म्हणून त्यांनी हलायचा बेत सोडला. बरोबर केलं.

मुलांवरचा एक खर्च माझ्या 4,300 मध्ये नव्हता, तो नंतर कळला. बदलापुरात वाढदिवस म्हणजे घरी केक, वेफर्स आणि सामोसा. इथे धाकट्याच्या पहिल्याच मित्राचा वाढदिवस गेम झोनमध्ये होता. मग आपल्या पोराचाही तसाच करावा लागतो, निदान तसं वाटतं. फी आणि भाडं आधी विचारता येतं. शेजारच्यांच्या सवयींचं दरपत्रक कुणी देत नाही. महिन्याला दोन हजार त्यासाठी जास्तीचे धरा.

कागदपत्रांचं थोडक्यात. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याचा, करार नोंदवलेलाच हवा, महाराष्ट्रात ती जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे. स्टँप ड्यूटी एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटवरच्या वर्षाला 10 टक्के मानीव व्याजावर 0.25 टक्के. आमच्या दीड लाख डिपॉझिटच्या 22 महिन्यांच्या कराराला ती अडीच हजारांच्या आत बसली, वर महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. एजंट यापेक्षा फार मोठा आकडा सांगत असेल तर फोड मागा. आमच्याकडे एकाने सरळ आठ हजार सांगितले होते.

करात सवलत मिळेल म्हणून महाग घर घेऊ नका. नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट नाहीच. जुनीत आहे, आणि मुंबईसाठी मर्यादा मूळ पगाराच्या 50 टक्के, तर ठाण्याला 40. म्हणजे मुंबई-ठाण्याच्या हद्दीवरचा मुलुंडचा टोलनाका ओलांडला की फरक पडतो. पण सूट मिळते ती तीन आकड्यांतल्या सगळ्यात लहान आकड्याइतकी, त्यामुळे आधी सीएकडून तो काढून घ्या. आमच्या बाबतीत मर्यादा वाढून काहीच फरक पडला नाही. आणि आपल्या जुन्या घराचं भाडं हे उत्पन्न धरलं जातं, ते विसरू नका. त्या घराचा मेंटेनन्स तर आपल्यालाच भरायचा असतो. वर मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, पण ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावता येत नाहीत. आमच्या सोसायटीने आधी मनाला येईल तो आकडा लावला होता. नियम दाखवल्यावर कमी केला, चहा मात्र पाजला नाही.

करारातली लॉक-इनची, म्हणजे किती महिने घर सोडता येणार नाही याची, ओळ दोनदा वाचा. आमच्या घरमालकांनी अकरा महिने लिहिले होते, बोलून सहावर आणले. कारण आम्ही निघायच्या आधीच परत यायची अट ठरवली होती: दोघांपैकी एकाची नोकरी गेली आणि चार महिन्यांत दुसरी मिळाली नाही, तर बदलापूर. म्हणून तो फ्लॅट विकला नाही आणि त्याचा भाडेकरार मुद्दाम अकरा महिन्यांचाच ठेवला. 'विकून टाका आणि मुलुंडला वन बीएचके घ्या' असं सांगणारे चार जण भेटले. त्यातल्या दोघांचा दलालीचा धंदा होता.

हलल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा वही काढली. 88 तासांतले किती हाताला लागले? नवऱ्याचे निम्मे ऑफिसने खाल्ले. 'आता जवळच राहतोस ना' म्हणून साडेसहानंतरच्या मीटिंगा त्याच्याच गळ्यात. त्याने मग सोमवार ते गुरुवार सातला घरी यायचं जाहीर केलं आणि साहेबांना तसं सांगितलंही. धाकट्याचे पाढे आता तोच घेतो. मी ठरल्याप्रमाणे झोपते.

आणि आई दर गुरुवारी दुपारी कल्याणच्या पुढे, गर्दीच्या उलट्या दिशेने, खिडकीत बसून बदलापूरला भजनाला जातात. रात्री मैत्रिणीकडे राहतात आणि शुक्रवारी सकाळी गर्दी ओसरल्यावर पिशवीभर मेथी, वालाच्या शेंगा आणि दिवसात असतील तर जांभळं घेऊन परत येतात. मुलुंडच्या भाजीवाल्याकडे त्या फक्त भाव विचारतात.