मोठे शिकारी मासे एकत्र ठेवताय? या चुका टाळा

“भाऊ, ऑस्करनं बासला मारून टाकलं.” ऑस्कर आणि पीकॉक बास हे टँकमध्ये एकत्र ठेवले जाणारे दोन मोठे शिकारी मासे. मे महिना लागला की असे फोन सुरू होतात. मी उलट दोनच प्रश्न विचारतो. रात्री लाइन गेली होती का? आणि संध्याकाळी काय खाऊ घातलं होतं? बहुतेक वेळा त्या उत्तरांतच कळतं की मारामारी झालेलीच नाही. पीकॉक बास गुदमरून मेलेला असतो आणि ऑस्करनं नंतर त्याचे पर कुरतडलेले असतात. बासला ऑक्सिजन कमी पडलेला अजिबात सोसत नाही. ऑस्कर मात्र कमी ऑक्सिजनच्या पाण्यात तासन्‌तास तग धरतो. सकाळी जिवंत तोच दिसतो, म्हणून आळही त्याच्यावरच येतो.

मे महिन्यात फिल्टरच्या भरवशावर झोपणे

हे मी स्वतः भोगलंय. माझा टँक सहा बाय दोन बाय दोन फुटांचा, म्हणजे साधारण 680 लिटर पाणी. त्यात एक सिल्व्हर अरोवाना, दोन ऑस्कर आणि एक पीकॉक बास होता. चौघं लहानपणापासून सोबत वाढलेले. बाहेर पारा 45 च्या वर आणि टँकचं पाणी रात्री दहालाही 33 अंश. त्या दिवशी घरी पाहुणे होते, त्यांना अरोवाना खाताना बघायचा होता, म्हणून मी रात्री भरपूर झिंगे घातले. दोनच्या सुमारास लाइन गेली, ती साडेसहाला आली. मी उठलो तेव्हा अरोवाना वर तोंड काढून होता आणि बास तळाशी आडवा पडला होता. त्याला मी दीड इंचाचा असताना आणलं होतं.

त्या रात्री तीन गोष्टी एकत्र आल्या. 26 अंशांच्या पाण्यात लिटरमागे आठेक मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 34 अंशांना तो सातपर्यंत उतरतो. त्याच वेळी गरम पाण्यात माशाची गरज वाढते आणि पोट भरलेलं असेल तर आणखी वाढते. तिसरी गोष्ट कॅनिस्टरची, म्हणजे टँकबाहेरच्या बंद डब्यातल्या फिल्टरची. बंद डब्यातले जिवाणू आतला ऑक्सिजन संपवतात, पाणी सडतं आणि लाइन आली की तो डबा ते सगळं पाणी टँकमध्ये फेकतो. आधीच धापा टाकणाऱ्या माशांवर तो शेवटचा घाव असतो.

तेव्हापासून आमच्या इन्व्हर्टरवर आधी एअर पंप चालतो, मग पंखा. घरच्यांनी हे मान्य केलंय. लाइन तासाभराहून जास्त गेली तर मी कॅनिस्टर उघडतो, आतलं पाणी फेकतो, स्पंज टँकच्याच पाण्यात खळाळतो आणि मगच सुरू करतो. एप्रिल ते जून खाणं फक्त सकाळी, तेही निम्मं. टँकचं झाकण काढून जाळी लावतो आणि टेबलफॅनचा वारा पाण्यावर सोडतो. हवा कोरडी असते तोवर पाणी दोन-तीन अंश उतरतं. जुलैत हवा दमट झाली की हा उपाय चालत नाही, पण तेव्हा गरजही राहत नाही. बर्फाच्या बाटल्यांवर विसंबू नका. 680 लिटर पाणी एक अंश उतरवायला लिटरच्या सहा-सात गोठलेल्या बाटल्या लागतात.

“ही छोटीच राहते” यावर विश्वास ठेवणे

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका पोट्ट्यानं चार इंचांचा रेड टेल कॅटफिश आणला. टँकमध्ये त्याचे दहा-दहा इंचांचे दोन ऑस्कर होते. दुकानात त्याला सांगितलं होतं, टँक लहान असला की मासाही लहानच राहतो. यासारखं खोटं या छंदात दुसरं नाही. रेड टेल अॅमेझॉनच्या नद्यांतला मासा, चार फुटांपर्यंत जातो आणि नीट खायला मिळालं तर पहिल्या वर्षातच दीड-दोन फूट होतो. लहान टँकमध्ये मासा लहान राहत नाही. तो आजारी पडतो, वाकडा होतो आणि लवकर मरतो.

आठ महिन्यांनी सकाळी त्याचा फोन आला. “दादा, एक ऑस्कर उडी मारून बाहेर पडला वाटते, सोफ्याखाली शोधून राहिलो.” मी म्हटलं, सोफा राहू दे, रेड टेलचं पोट बघ. पोट फुग्यासारखं ताणलेलं होतं आणि मासा कोपऱ्यात पडून होता.

दोन महिन्यांत किती वाढेल एवढाच हिशेब लोक करतात. दोन वर्षांचा करा. सगळे मासे सारख्या आकाराचे घ्या आणि एकाच दिवशी सोडा. जुन्या टँकमध्ये नवा मासा घालायचाच असेल तर आधी दगड-लाकडं हलवा, म्हणजे जुन्यांच्या ठरलेल्या जागा मोडतात. मग दिवा बंद करून मासा सोडा आणि मध्ये आठवडाभर जाळीचा पडदा ठेवा. लोकांना तो आठवडाही थांबवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. रेड टेल तर घरच्या टँकसाठी घेऊच नका.

बाकीच्या, थोडक्यात

टँक भरला आणि दुसऱ्या दिवशी मासे सोडले, असं करू नका. माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतल्या जिवाणूंवर मी तरी महागडे मासे सोडणार नाही.

पाणी दुपारी बदलू नका. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मेमध्ये हाताला चटका देतं. मी पहाटे पाचला बदलतो, आठवड्याला तीस टक्के. पेंच धरणाचं नळाचं पाणी असेल तर क्लोरीन मारायला हायपो टाकूनच. बोअरचं असेल तर पीएच तपासा, कारण तो वाढला की तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो.

व्हिडिओसाठी जिवंत गोल्डफिश खाऊ घालू नका. त्यातल्या थायमिनेज या एन्झाइममुळे माशाच्या अंगातलं बी-1 जीवनसत्त्व संपतं, शिवाय दुकानातले परजीवी घरात येतात. झिंगे, माशाचे तुकडे आणि पेलेट पुरे.

अरोवानाच्या टँकला झाकण किंवा जाळी हवीच, आणि त्यावर वजनही. डिसेंबरात हीटर लावाल तो जाळीच्या आवरणात लावा. मोठा मासा शेपटीच्या एका फटक्यात काच फोडतो.

मासा वाढला म्हणून फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडू नका. 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अॅलिगेटर गार सापडला. अमेरिकेतला मासा तिथे आपोआप आलेला नव्हता. मानेवाड्याच्या त्या पोट्ट्याचा रेड टेलही अंबाझरीत जाणार होता, त्यानं बादली काढून ठेवली होती. मी त्याला थांबवलं. शेडखाली मोठा हौद असलेला आणि हिवाळ्यात हीटर लावायची तयारी असलेला माणूस शोधायला आम्हाला दोन महिने लागले. मासा तिथे आहे, आता तीन फुटांचा झालाय.